राहिलेली ट्रायल

१

अब्बांच्या गॅरेजाला पाटी नव्हती, पण नियम होते. गाडीतून काढलेला जुना माल नव्या मालाच्या खोक्यात घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे त्याच्या मनात किंतू राहत नाही. नवी कॉलर बसली की तिच्यावर पंचाने तीन टिंबं आणि सालाचे दोन आकडे ठोकायचे. हे काम अब्बा स्वतः करत. त्या पंचाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. आणि शेवटचा नियम, ज्याने चाक बसवलं त्यानेच पहिली ट्रायल मारायची. करंजी घाट चढून वर आणि उतरून परत. ट्रायलला अब्बा शेजारी बसत, दाताखाली लवंग धरून. डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढत, पंजा दाराच्या पत्र्यावर बाहेरून सपाट ठेवत आणि मागच्या चाकाचा आवाज ऐकत. निघायला उशीर झाला की तोच पंजा पत्र्यावर दोनदा आपटायचा. वर दरवेळी एकच वाक्य, "चल, बघू काय बसवलंयस."

मी अंजुम, पीरमहंमद मिस्त्रींची थोरली. बारा वर्षांची असल्यापासून त्या गॅरेजात बॅटरी धरून उभी राहिले आहे. शिवण शिकायच्या वयात पोरगी ग्रीस भरायला शिकली म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, आणि पुढे माझं लग्न मोडलं तेव्हा त्यांना कारणही आयतं सापडलं. असो.

कॉलर म्हणजे काय ते आधी सांगते, कारण हे सगळं त्या बांगडीएवढ्या लोखंडापायी घडलं. पिकअपच्या मागच्या चाकातून एक जाड दांडा आत जातो, तो ॲक्सल. त्याच्यावर बेअरिंग बसतं, आणि बेअरिंगने जागा सोडू नये म्हणून त्याच्या मागे एक लोखंडी कडं घालतात, ती कॉलर. ती चांगली तापवून टाकायची. गार झाली की दांड्याला अशी आवळते की छिन्नीने फोडूनच काढावी लागते. कुणी पुलर लावून आख्खी ओढून काढलीच, तरी ती परत वापरायची नाही. दिसायला बसते, पण पकड गेलेली असते. मग एखाद्या उतारावर चाक ॲक्सलसकट बाहेर येतं.

माझ्या भावाचं तसंच झालं.

२

तौसीफ आमच्या पिकअपमध्ये नगरहून पेंडीची पोती भरून परत येत होता. गेल्या वर्षीच्या, म्हणजे चोवीस सालच्या फेब्रुवारीतली भर दुपार. घाट उतरताना डावं मागचं चाक निघालं. खालच्या टपरीवाल्याने पाहिलं. म्हणाला, आधी चाक आलं, मग गाडी आली. तौसीफ जागच्या जागी गेला. एकतीस वर्षांचा होता.

लोक काय म्हणाले, तर ओव्हरलोड. पंचनाम्यात ओव्हरलोड, मशिदीच्या दारात ओव्हरलोड, चाळिसाव्याच्या जेवणावर हात मारताना सुद्धा ओव्हरलोड. माझ्या भावाने पोती कधी मोजल्याशिवाय चढवली नाहीत. पण मेलेला माणूस उत्तर देत नाही, त्यामुळे त्याच्यावर ढकलायला सगळ्यांना बरं पडतं.

मला मात्र एक ठाऊक होतं. अपघाताच्या आठच दिवस आधी पिकअपची मागची दोन्ही बेअरिंग, सील आणि कॉलरी बदलल्या होत्या, आणि त्या गोरक्षनाथने बदलल्या होत्या. गोरक्षनाथ म्हणजे गोरखभाऊ, अब्बांचा शागीर्द. आमच्या घरात वीस वर्षं जेवला. एकोणीस साली अब्बा गेल्यावर त्याने तिसगावात स्वतःचं गॅरेज टाकलं. तौसीफच्या दफनाच्या दिवशी तो सख्ख्या भावासारखा रडला, आणि नेमकं तेच मला खटकलं.

मी त्याला तिथेच विचारलं होतं, "दोन्ही बाजूंना नवा माल टाकला होता ना?"

त्याने मान खाली घातली. "टाकला हुता."

"मग चाक निघालं कसं?"

त्याने हातावरची माती झटकली.

"ट्रायल मारली होती?"

"ऱ्हायली, अंजुम. त्या दिवशी ट्रायल ऱ्हायली."

एवढंच. त्यानंतर चौदा महिने तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. रस्त्यात दिसला की मोटारसायकल दुसऱ्या गल्लीत घालायचा. अपराधी माणूस आणखी कसा असतो? मी त्याला मनातल्या मनात किती तऱ्हांनी मारलं, ते सांगत बसत नाही.

३

यंदाच्या एप्रिलमध्ये पोलिसांनी पिकअप सोडली. ओढून आणून अब्बांच्या जुन्या शेडमध्ये लावली. टपाला पोचा होता, काच गेली होती, पण इंजिन शाबूत होतं. डावी बाजू काहीच सांगू शकत नव्हती. बेअरिंगचा भुगा झाला होता आणि कॉलर घाटात कुठे पडली ती पडलीच. उजवी बाजू मात्र जशीच्या तशी बंद होती.

"भंगारात देऊन टाकू, बाजी," शकिला म्हणाली. शकिला म्हणजे तौसीफची बायको, मला बाजी म्हणजे मोठी बहीण म्हणते. त्या गाडीकडे तिला बघवत नव्हतं.

"आधी उजवी बाजू उघडून बघते."

"काय बघायचं राह्यलंय आता?"

 उजवीकडे जुनाच माल निघाला की गोरख चोर ठरत होता. एका बाजूला फसवलं म्हणजे दोन्हीकडे फसवलं. मग ओव्हरलोड म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर ते लोखंड फेकता आलं असतं. मला तेवढंच हवं होतं. तेवढंच म्हणते, पण तेव्हाही ते खरं नव्हतं.

रविवारी सकाळी जॅक लावून गाडीचं मागचं अंग उचललं आणि खाली लाकडी ठोकळे सरकवले. दोन्ही ॲक्सल ज्या लोखंडी पेटीत असतात, त्या मागच्या हाउसिंगच्या डोक्यावर बोराएवढी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आत तापलेली हवा तिथून बाहेर पडते. तो मातीने बुजला की सगळा दाब सीलवर येतो आणि तेल गळायला लागतं. म्हणून अब्बा सर्वांत आधी ब्रीदर उघडायला लावत. मी उघडला.

फुस्स झालं. त्यात काही विशेष नाही, पत्रा उन्हाने तापला होता. पण ते थांबेना. मी सवयीने आकडे मोजत होते; चाळीसच्या पुढे गेले तरी हवा येतच होती, हळू आणि एकसारखी. एवढीशी पोकळी असते आतली. गिअर ऑइलचा तो कुजका वास यायला हवा होता. आला लवंगेचा.

मग ते थांबलं. क्षणभर काहीच नाही. आणि मग माझ्या बोटाच्या टोकाशी हवा आत ओढली गेली.

मी हात काढून घेतला. स्वतःला समजावलं, की सावली आली, पत्रा निवला, हवा आकसली, आठवीच्या विज्ञानात असतं हे. लवंगेचं काय? शकिला मसाला भाजत असेल. घरात जाऊन पाहिलं तर ती अंगणात कपडे वाळत घालत होती आणि चूल विझलेली होती. मी पाणी प्यायले आणि परत कामाला लागले.

४

चाक काढलं, ब्रेकचा ड्रम ठोकून काढला. आतल्या चार नटांना पान्हा लावला. चौदा महिने उन्हापावसात पोलीस ठाण्याच्या आवारात पडलेली गाडी; नट गंजून बसलेले असणार म्हणून मी पाय रोवून उभी राहिले. चारही नट बोटांनी फिरले. जणू कुणीतरी आधीच सैल करून ठेवले होते. ॲक्सलला झटका द्यायला हातोडा घेतला, त्याचीही गरज पडली नाही. तो आपणहून माझ्या मांडीवर आला.

चिंधीने कॉलरवरचं काळं पुसलं आणि तीन टिंबं दिसली.

माझं डोकं तापलं. हातातली चिंधी मी भिंतीवर फेकली. तीन टिंबं म्हणजे अब्बांची कॉलर. अठरा साली या पिकअपला दोन्ही कॉलरी अब्बांनीच टाकल्या होत्या, मी स्वतः बॅटरी धरली होती. म्हणजे गोरखने ही बाजू उघडलीच नव्हती. नव्या मालाचं नाव सांगून आमच्याच बापाचं जुनं लोखंड गाडीत राहू दिलं आणि माझ्या भावाला घाटात पाठवलं. ज्याने त्याला पान्हा धरायला शिकवलं, त्याच्या पोराला!

पुढे पुसायची मला गरजच वाटली नाही. छिन्नी लावून कॉलर फोडली, त्याच तेलकट काळ्यासकट चिंधीत बांधली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारली.

त्या दुपारी मी जेवले नाही. लोकांच्या तोंडावर फेकायचा पुरावा माझ्याजवळ होता. पण तो फेकून काय होणार? लोक चार दिवस चुकचुकतील आणि गोरख तिसगावात गॅरेज चालवत राहील. मला त्याचं नाव खराब करायचं नव्हतं. मला तो त्याच घाटात, त्याच उतारावर, त्याच डाव्या चाकासकट हवा होता.

५

उजवी बाजू मी नवा माल आणून नीट बसवली, अब्बांनी पाठ थोपटली असती अशी. काच बसवली, टप ठोकून सरळ केला. डाव्या बाजूला नगरच्या भंगार बाजारातून ॲक्सल आणला. बेअरिंग नवं टाकलं, सील नवं, त्याच्या ओठाला ग्रीस सुद्धा लावलं. वरून बघणाऱ्याला खोट काढता आली नसती. फक्त कॉलर आतून पॉलिश पेपरने घासली. इतकी घासली की ती तापवावीच लागली नाही. गारच हाताने सरकली आणि जागेवर बसली.

या कामाला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांतलं काही काही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि शकिला स्वयंपाकघरात भाकरी खात बसलो होतो. शेडमधून आवाज आला, खराब बेअरिंगचा असतो तसा घुमारा. चाक हाताने जोरात फिरवून सोडलं की येतो तो. शकिलाने घास खाली ठेवला.

"बाजी, चाक फिरवत ठेवून आलीस?"

"वारा असेल."

वाऱ्याने पिकअपचं चाक फिरत नाही, हे तिला नसलं तरी मला माहीत होतं. जाऊन पाहिलं. उजवं चाक हळूहळू थांबत होतं. ते पूर्ण थांबेपर्यंत मी उंबऱ्यातच उभी राहिले. 

तिसऱ्या दिवशी पंच सापडला. अब्बांचा पंच त्यांच्या लोखंडी पेटीत असतो, पेटीला कुलूप आणि किल्ली माझ्या गळ्यात. तो कामाच्या टेबलावर पडला होता, घासलेल्या कॉलरच्या बरोबर शेजारी. मी उचलला तर कोमट लागला, आताच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखा. मीच काढला असेन आणि विसरले असेन, असं म्हणून मी तो पेटीत ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत टेबलावर होता.

कॉलर मी उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर एकही टिंब नव्हतं.

मला तेव्हाच थांबता आलं असतं. पण खरं सांगते, मला बरं वाटलं. वाटलं, अब्बा इथेच आहेत, आणि त्यांनाही गोरखच हवा आहे.

६

शुक्रवारी मी गोरखला फोन केला. म्हटलं, गाडी दुरुस्त करून उभी केली आहे, तुमची एक ट्रायल राहिली होती, येऊन मारून जा. पलीकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग "येतो" म्हणाला.

चारच्या सुमारास आला. अठ्ठेचाळीसचा माणूस साठीचा दिसत होता. त्याने चप्पल शेडच्या बाहेर काढली, अब्बा असताना काढायचा तशी. मोबाईल टेबलावर ठेवला, गाडीभोवती एक चक्कर मारली, उजव्या चाकाला हात लावला, डाव्याला लावला.

"तू बसवलं समदं?"

"हो."

"मग उस्तादांच्या नियमानं ट्रायल तुझी."

"आधी जुनी बाकी फेडा." मी ओढणीची गाठ सोडून फोडलेली कॉलर त्याच्यासमोर टाकली. "उजव्या बाजूची आहे. तीन टिंबं बघा. ओळखीची वाटतात?"

त्याने ती उचलली. उजेडाकडे धरली, अंगठ्याने तिची मागची बाजू पुसली आणि एकटक बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मला गंमत वाटली. पकडला गेला, म्हटलं.

"उस्तादांचा पंच कुठं हाय?" त्याने विचारलं.

"पेटीत, कुलपात. विषय बदलू नका."

त्याने कॉलर दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली, प्रसाद ठेवावा तशी. शकिला तेवढ्यात चहा घेऊन दारात आली. मी तिच्यासमोरच विचारलं, "गोरखभाऊ, एकदाच सांगा. डावी बाजू कुणी बसवली होती?"

त्याने शकिलाकडे पाहिलं. तिच्या पांढऱ्या ओढणीकडे, हातातल्या ट्रेकडे. पुष्कळ वेळ पाहिलं.

"मीच," तो म्हणाला. "मीच बसवली."

"मग ट्रायल?"

"मारतो की."

मी किल्ली त्याच्या हातात दिली.  त्याने चहाला हात लावला नाही. गाडी शेडमधून बाहेर काढून तो नगर रोडला लागला. वळण घेताना पिकअपची डावी बाजू आमच्याकडे झाली. डाव्या खिडकीची काच खाली होती. मी ती वर केलेली होती.

दाराच्या पत्र्यावर बाहेरून एक पंजा सपाट टेकलेला होता.

गोरख एकटाच बसला होता. मी पाहिलं होतं त्याला बसताना.

७

"त्यांनी खोटं का सांगितलं, बाजी?"

शकिला अजून ट्रे धरून उभी होती. मी म्हटलं, "काय खोटं?"

"डावी बाजू तर यांनी बसवली होती. तौसीफनी."

मला ते वाक्य कळलंच नाही. ती पुढे बोलत होती, "त्या दिवशी यांचा हात भाजला होता, कॉलर तापवताना. मी मलम लावलं. म्हणाले, नव्या कॉलरी दोन आणायच्या तर एकच आली, गोरखभाई म्हणत होते उद्यापर्यंत थांब. पण सकाळी भाडं होतं. गोरखभाईंना कुठं मयतीला जायचं होतं, ते गेले. मग यांनी डावीकडची जुनीच काढून, तापवून परत घातली. म्हणाले, अब्बा असते तर मारलं असतं मला."

"चौदा महिन्यांत बोलली का नाहीस?"

"तू कधी विचारलंस?" ती तशी कधी आवाज चढवत नाही. "तू फक्त गोरखभाईंनी काय केलं एवढंच विचारत होतीस. आणि मी सांगून काय करणार होते? ओव्हरलोड म्हणतात ते कमी होतं का?"

तिने आतून खोकं आणलं. नव्या बेअरिंगचं खोकं, चिकटपट्टी लावलेलं. तौसीफने आणून कपाटात ठेवलेलं शेवटचं काहीतरी म्हणून तिने ते कधी उघडलं नव्हतं. मी पट्टी फाडली. आत दोन जुनी बेअरिंग होती, दोन फाटकी सील. आणि कॉलर एकच. छिन्नीने फोडलेली, तीन टिंबांची, शेजारी आकडा अठरा. अब्बांची उजवीकडची. डावीकडची त्यात नव्हती, कारण ती फोडलीच नव्हती.

मग मी उजव्या बाजूतून काढली ती कोणती?

टेबलावरून ती उचलली. गोरखने अंगठ्याने पुसली होती ती बाजू डिझेलमध्ये बुडवून आणखी पुसली. तीन टिंबं. थोड्या अंतरावर सालाचे दोन आकडे, अब्बांच्या हाताचे, चार किंचित तिरका.

चोवीस.

अब्बांना जाऊन तेव्हा पाच वर्षं होत आली होती.

गोरखने उजवी बाजू इमानाने केली होती. नवी कॉलर टाकली होती, आणि कुणीतरी ती पसंत करून तिच्यावर शिक्का मारला होता. तौसीफच्या कॉलरवर चोवीसचा शिक्का पडला होता का, ते आता घाटातल्या दगडांनाच माहीत. माझ्या कॉलरवर नव्हता. आणि हा माणूस चौदा महिने माझ्यापासून तोंड चुकवत होता, ते माझ्या भावाच्या चुकीचा उच्चार करावा लागू नये म्हणून.

मी त्याला फोन लावला. मोबाईल टेबलावरच वाजला.

८

मी रस्त्यावर पळत गेले. घाट दिसत होता, गाडी दिसत नव्हती. एक एस.टी. गेली, तिला हात केला, थांबली नाही. मग ट्रॅक्टर. मी त्याला काय सांगणार होते? की ज्याला मरायला पाठवलाय त्याला थांबव? मी तिथेच कठड्यावर बसले आणि लहान मुलासारखी रडले. अल्लाची करुणा भाकली. तौसीफला शिव्या दिल्या, त्या दिल्या हेही सांगून टाकते.

चाळीस मिनिटांनी पिकअप आली. आधी घुमारा आला, मग गाडी. ती सरळ अंगणात शिरली आणि तोंड रस्त्याकडे करून उभी राहिली. गोरख उतरला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"गोरखभाऊ, डावी कॉलर मी घासून टाकलीय."

"म्हाईत हाय. पैल्याच वळनावर आवाजावरनं कळलं."

"मग परत का नाही फिरलात?"

"तुला वाटत हुतं ना मी जीव द्यावा. म्हनलं, देऊन टाकू." तो ओटीवर बसला. "तौसीफचं नाव..."

"शकिलाला सगळं माहीत आहे. पहिल्यापासून."

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "घाटाच्या तोंडाशी बंद पडली. तीन येळा किल्ली मारली, न्हाई घेतली. तोंड फिरवलं की आपली चालू. पुन्हा घाटाकडं वळवली, पुन्हा बंद. लवंगाचा वास येत हुता, अंजुम. शेजारी बघायची माझी हिंमत झाली न्हाई."

त्याने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. ती घेतली आणि मग माझ्या लक्षात आलं, की इंजिन अजून चालूच आहे.

मी पान्हा घेऊन धावले. डावं चाक काढायचं, कॉलर फोडायची, नवी टाकायची, दोन तासांचं काम. चाकाचे नट फिरले नाहीत. पान्ह्यावर पाय देऊन उभी राहिले, नाहीत. गोरखने पाइप लावून जोर केला, पाइप वाकला. उजवी बाजू उघडली त्या दिवशी आतले नट बोटांनी फिरले होते. मला तेव्हा ते नशीब वाटलं होतं.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं. डाव्या दाराच्या धुळीत एक पंजा उमटला होता, पाची बोटं फाकलेली, करंगळी अर्धी. अब्बांची करंगळी फॅनच्या पट्ट्यात गेली होती, मी सात वर्षांची होते तेव्हा.

"नको जाऊ," शकिला म्हणाली. तिने माझी बाही धरली. गोरखने वाकलेला पाइप खाली ठेवला. नियम त्यालाही पाठ होता.

चौदा महिने मी एकच गोष्ट मागत होते, ज्याने केलं त्याने भरावं. कुणीतरी ते नीट ऐकून घेतलं होतं.

पत्र्यावर दोनदा थाप पडली. अब्बांना थांबवून ठेवायची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती. मी शकिलाची बोटं एक एक करून सोडवली, आत बसले आणि दार ओढून घेतलं. घाट समोर उन्हात होता. शेजारची सीट हळूच दबली. मी तिकडे पाहिलं नाही.

"चल," शेजारून आवाज आला, "बघू काय बसवलंयस."